बिनऔषधाची सुई



सुई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक गोधडी शिवायची आणि दुसरी दवाखान्यातली. दवाखान्यातल्या सुईवर आपल्या खेड्यापाड्यांत लोकांचा केवढा विश्वास! नुसत्या गोळ्या दिल्या तर माणसाचे समाधान होत नाही. "डॉक्टरसाहेब, एक सुई मारा बघू, म्हणजे अंग मोकळं होईल," असा आग्रह धरणारी माणसे तुम्ही पाहिलीच असतील. सुईत औषध कोणते आहे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आज मी ज्या सुईची हकीकत सांगणार आहे तिच्यात औषध नसतेच. ती आतून पोकळसुद्धा नसते. डोक्याचे तीन-चार केस एकत्र धरले तर जेवढी जाडी होईल तेवढी ती पोलादी सुई. ती टोचतात, थोडा वेळ ठेवतात आणि काढून घेतात. झाले!

या उपचाराला ॲक्युपंक्चर म्हणतात. हे नाव चिनी नाही बरे का. लॅटिन भाषेत सुईला 'आकुस' म्हणतात. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत जपानला जाऊन आलेल्या टेन राइने नावाच्या एका डॉक्टरने १६८३ साली लंडनमध्ये पुस्तक छापले आणि तेथून हे नाव युरोपात रुळले. चिनी लोक त्याला 'झेनज्यू' म्हणतात. त्यातला 'झेन' म्हणजे सुई आणि 'ज्यू' म्हणजे शेक. आपल्या दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीचा वाळलेला पाला जाळून दिलेला शेक. सुई आणि शेक ही त्यांच्याकडे जोडीच आहे.

आता प्रश्न असा की, ही चिनी सुई फिजिओथेरपीच्या खोलीत आली कशी? फिजिओथेरपी, म्हणजे मराठीत भौतिकोपचार, हा तर व्यायामाचा, मालिशीचा आणि शेकण्याचा धंदा. आखडलेला सांधा हलवायचा, दुबळा स्नायू बळकट करायचा, पडलेल्या माणसाला पुन्हा चालते करायचे, हे त्याचे काम. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालीश करणाऱ्या स्त्रियांची एक संस्था काढली. त्या काळी मालिशीच्या नावाखाली नाही ते प्रकार चालत, म्हणून चांगल्या शिकलेल्या बायकांना आपले काम वेगळे दाखवायचे होते. १९२० साली त्या संस्थेला राजाची सनद मिळाली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी शिपायांनी या कामाची गरज सगळ्यांना पटवून दिली होती. आपल्याकडे मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. पोलिओने पाय गेलेली मुले हे त्या वेळचे मोठे दुःख होते.

परळचे हे आवार ध्यानात ठेवा. आपल्या हकीकतीत ते पुन्हा येणार आहे.

सुई या खोलीत आली ती एका वाटेने नव्हे, दोन वाटांनी. पहिली वाट चीनमधून आली. दुसरी पाश्चात्त्य डॉक्टरांच्या इंजेक्शनच्या सुईतून निघाली. पुष्कळ लोक या दोन वाटांची गल्लत करतात आणि मग भांडणे होतात. म्हणून आपण त्या वेगवेगळ्या पाहू.

चीनमध्ये हेबेई नावाचा प्रांत आहे. तेथे मानचेंग येथील डोंगरात १९६८ साली लिऊ शेंग नावाच्या एका राजपुत्राची कबर सापडली. हा राजपुत्र इसवी सनापूर्वी ११३ या वर्षी वारला होता. त्याच्या कबरीत चार सोन्याच्या आणि पाच चांदीच्या सुया निघाल्या. साधारण याच काळात 'ह्वांग-दी नेई-जिंग' हा जुना वैद्यक ग्रंथ आकाराला येत होता. शरीरात काही नाड्या किंवा मार्ग आहेत, त्यांतून 'ची' नावाची जीवनशक्ती वाहते आणि ती अडली की दुखणे येते, असा त्यातला विचार. मात्र याहून थोड्या जुन्या, इसवी सनापूर्वी १६८ साली बंद झालेल्या मावांगद्वे येथील कबरीतून १९७३ साली ज्या पोथ्या निघाल्या, त्यांत नाड्या आहेत, शेक आहे, पण सुई टोचण्याचा उल्लेख नाही. तेव्हा 'पाच हजार वर्षांची विद्या' असे जे सांगतात, ते जरा बेतानेच घ्यावे. दोन हजार वर्षे म्हटले तरी काही कमी झाले नाही!

आपल्याकडचे काही अभिमानी लोक म्हणतात, ही विद्या मूळची आपलीच, सुश्रुताची. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मुलांना हे सांगताना थोडे थांबावे. सुश्रुतसंहितेत सुया आहेत हे खरे. पण त्या जखम शिवण्याच्या सुया. शिरावेध आहे, पण तो रक्त काढण्यासाठी. सुश्रुताचा मोठेपणा त्याच्या शस्त्रकर्मात आहे. तो सिद्ध करायला चीनची सुई उसनी आणायचे कारण नाही.

शाळेत सांगण्याजोगी एक मजेची गोष्ट मात्र चीनकडे आहे. इसवी सन १०२७ मध्ये वांग वेईयी नावाच्या दरबारी वैद्याच्या देखरेखीखाली माणसाएवढे दोन काशाचे पुतळे ओतून घेतले गेले. अंगभर छिद्रे, प्रत्येक छिद्र म्हणजे सुईची एक जागा. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला वरून मेण फासायचे, पोटात पाणी भरायचे आणि विद्यार्थ्याला सांगायचे, अमुक जागी सुई टोच. बरोबर टोचली तर पाणी बाहेर येई. चुकली तर सुई मेणात अडे. अशी हकीकत सांगतात. परीक्षकाला गुण द्यायला याहून सोपी रीत कोणती?

एवढ्या मानाची ही विद्या पुढे खाली आली. १८२२ साली चीनच्या सम्राटाने राजवैद्यांच्या विद्यालयातला सुई-शेकाचा विभाग बंद करून टाकला. राजाच्या अंगाला सुई आणि आग लावणे बरे नव्हे, असे कारण देण्यात आले. शहरातल्या शिकलेल्या लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, ती खेड्यांत उरली. विसाव्या शतकात जपानी आक्रमणाशी लढताना चीनच्या डोंगराळ भागात औषधे मिळेनाशी झाली, तेव्हा तिची पुन्हा आठवण झाली. येनानच्या लष्करी दवाखान्यांत पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर जुन्या वैद्यांकडून सुई शिकू लागले. त्यांत झू लियान नावाची एक डॉक्टरीण होती. तिने १९५१ साली 'नवे सुई-शेक शास्त्र' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि 'ची'ची भाषा मागे ठेवून मज्जातंतूंच्या भाषेत सुईचा विचार मांडला. हे पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते. कारण पुढे फिजिओथेरपीच्या शाळांतून सुई शिकवली गेली ती बहुतेक याच भाषेत.

आणि येथे आपला महाराष्ट्र या गोष्टीत येतो.

सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने जखमी चिनी सैनिकांच्या सेवेसाठी पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल. नागपूरचे डॉ. चोळकर. डॉ. मुखर्जी. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. शिक्षण परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे के. ई. एम.च्याच आवारात. ज्या आवारात पुढे १९५२ साली फिजिओथेरपीचे वर्ग भरले, तेथूनच कोटणीस बाहेर पडले होते. ते परत आले नाहीत. आघाडीवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच हेबेई प्रांतात ते वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेला बोलपट तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

एक खुलासा येथे केला पाहिजे. कोटणीस हे शल्यचिकित्सक होते. त्यांचे काम सुरीचे होते, या सुईचे नव्हे. सुईशी त्यांचे नाव जोडले गेले ते त्यांचे सहकारी डॉ. बसू यांच्यामुळे. बसू १९४३ साली भारतात परतले. पुढे १९५८ साली पुन्हा चीनला जाऊन त्यांनी ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्याचा उपचार सुरू केला. नंतरच्या काळात कोटणीसांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या समितीच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी सुईचे दवाखाने काढले. लुधियान्याच्या रुग्णालयाला कोटणीसांचेच नाव आहे. सोलापूरच्या एका डॉक्टरचे नाव पंजाबात सुईच्या दवाखान्यावर कसे, याचे उत्तर हे असे आहे.

पश्चिमेकडे या विद्येचा गाजावाजा झाला तो १९७१ साली. जेम्स रेस्टन नावाचा अमेरिकन पत्रकार पेकिंगला गेला असता त्याचे आंत्रपुच्छ सुजले, शस्त्रक्रिया करावी लागली. पुष्कळ ठिकाणी तुम्ही वाचाल की ती शस्त्रक्रिया सुया टोचून केली. तसे नाही. शस्त्रक्रिया नेहमीचे बधिर करणारे इंजेक्शन देऊनच झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून कळा येऊ लागल्या, तेव्हा उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि त्याला बरे वाटले. त्याने ते आपल्या वर्तमानपत्रात लिहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि सुईचे नाव घरोघर झाले. त्या लाटेत इंग्लंडमधले अनेक फिजिओथेरपिस्टही सुई शिकले. १९८४ साली तर त्यांनी आपली स्वतंत्र संघटनाच काढली.

ही झाली चीनची वाट. आता दुसरी.

मान आखडली, उसण भरली, खांद्यात चमक निघाली, म्हणजे आपल्याकडची म्हातारी माणसे काय करतात? अंगठ्याने चाचपून पाहतात आणि म्हणतात, "ही बघ, हितं गाठ हाय. हितनंच कळ निघतीया." ही गाठ दाबली की कळ दुसरीकडेच जाते, दाबावे खांद्याजवळ आणि ठणका डोक्यात. लंडनच्या एका रुग्णालयात केलग्रेन नावाच्या तरुण डॉक्टरने १९३८ साली हाच प्रकार शास्त्रीय रीतीने तपासला. त्याने धडधाकट माणसांच्या स्नायूत खारट पाण्याचे इंजेक्शन देऊन मुद्दाम कळ उठवली आणि ती कोठकोठे जाते याची नोंद केली. ज्या वर्षी कोटणीस बोटीत बसले त्याच वर्षी हे चालले होते. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरीणबाईंनी असल्या गाठींचा जन्मभर अभ्यास केला. गाठीत बधिर करणारे औषध टोचून त्या रोग्याला मोकळे करीत. अध्यक्ष केनेडी यांची पाठ त्यांच्याच उपचाराखाली होती आणि १९६१ साली त्या अध्यक्षांच्या निवासाच्या डॉक्टर झाल्या.

मग एक शंका निघाली. गुण येतो तो औषधाने, की टोचण्याने? प्राग शहरात कारेल लेवित नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९७९ साली आपल्या २४१ रुग्णांचा हिशेब छापला. एकूण ३१२ दुखऱ्या जागी सुई टोचली होती. शंभरात सुमारे ८७ जागी कळ तेथल्या तेथे थांबली, आणि लेवित यांचे म्हणणे असे की हा गुण औषधाचा नव्हे, सुईचाच. ती नेमक्या दुखऱ्या बिंदूला भिडली पाहिजे. येथून 'कोरडी सुई' हा उपचार पुढे आला. कोरडी म्हणजे औषधाने न भरलेली. नाड्या नाहीत, 'ची' नाही. स्नायूतली गाठ आणि तिला टोचणारी सुई, एवढेच. पण सुई मात्र तीच, चिनी घडणीची बारीक सुई!

या वाटेवरचा एक प्रयोग मी जरा सविस्तर सांगतो, कारण तो कष्टकरी माणसांवर झालेला आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कामगारांच्या नुकसानभरपाईसाठी एक सरकारी मंडळ आहे. कामावर कंबर गेलेले मजूर त्या मंडळाच्या दवाखान्यात येत. तेथले डॉ. चॅन गन आणि त्यांचे सहकारी यांनी ५६ पुरुष कामगार घेतले. सगळ्यांच्या कंबरेचे दुखणे जुने, नेहमीच्या उपचारांना न जुमानणारे. सगळ्यांना फिजिओथेरपी आणि व्यायाम चालूच होता. त्यांतल्या २९ जणांना त्याखेरीज कोरडी सुई दिली, २७ जणांना दिली नाही. १९८० साली निकाल छापला. सुईवाल्या २९ पैकी १८ जण आपल्या पूर्वीच्या किंवा तशाच कामावर परत गेले, १० जण हलक्या कामावर गेले. बिनसुईच्या २७ पैकी पूर्वीच्या कामावर गेले फक्त ४. १४ हलक्या कामावर, आणि ९ जण घरीच बसून राहिले.

माप कसे लावले आहे पाहा. दुखते किती, असे नुसते विचारले नाही. माणूस कामावर गेला की नाही, हे पाहिले. ऊस तोडणाऱ्याला किंवा चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाईला हेच माप समजते. आता यात उणेही आहे. माणसे थोडी, आणि आपल्याला सुई मिळाली की नाही हे ज्याचे त्याला माहीत. नवा उपचार मिळाला या उमेदीनेही माणूस उठतो. ती उमेद किती आणि सुई किती, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही.

फिजिओथेरपीत सुईचा उपयोग प्रत्यक्ष कसा करतात, तेही सांगतो. रोग्याला पालथे किंवा कुशीवर निजवतात. बोटांनी चाचपून ताठरलेला पट्टा शोधतात. कातडी पुसून सुई आत घालतात. कोरड्या सुईच्या रीतीत ती गाठीला लागली की स्नायू माशाने शेपूट हलवावे तसा एकदम फडकतो, दडपल्यासारखे दुखते आणि मग सैल पडतो. चिनी धर्तीच्या रीतीत सुया वीसेक मिनिटे ठेवतात, मधून मधून फिरवतात; कोणी त्यांना चिमटे लावून वीजही अगदी बारीक सोडतात. एवढ्याने काम संपले असे मात्र नाही. कळ थोडी उतरली, की त्या उतरलेल्या वेळात खांदा फिरवायचा, कंबर वाकवायची, जो व्यायाम काल जमत नव्हता तो आज करून घ्यायचा. सुईने दार उघडते, इतकेच. आत पाऊल रोग्यानेच टाकायचे. जो उपचारक नुसत्या सुया टोचून "या उद्या" म्हणतो, तो निम्मेच काम करतो.

सुईने कळ थांबते कशी? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी असे मांडले की, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाचे, दाबाचे निरोप जोरात येऊ लागले की दुखण्याच्या निरोपांना ते फाटक आड येते. खरचटले की आपण नकळत जागा चोळतो, तेव्हा हेच करीत असतो. १९७५ साली ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारे अफूसारखे पदार्थ शोधून काढले. सुई टोचल्यावर हे पदार्थ सुटत असावेत, असे त्यानंतरच्या प्रयोगांतून दिसू लागले.

एवढे ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, मग प्रश्न सुटलाच की! नाही. खरी कसोटी पुढेच होती.

शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. काही रोग्यांना खरी सुई द्यायची आणि काहींना लटकी. लटकी म्हणजे कधी भलत्याच जागी वरवर टोचलेली, तर कधी नाटकातल्या खंजिराप्रमाणे टोक आत सरकणारी बोथट सुई. रोग्याला दोन्ही सारख्याच वाटतात. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर असा मोठा प्रयोग झाला आणि २००७ साली छापून आला. सहा महिन्यांनी पाहिले तर खऱ्या सुईने शंभरात ४८ जणांना गुण आला होता. लटक्या सुईने ४४ जणांना. आणि औषधे, व्यायाम, फिजिओथेरपी या नेहमीच्या उपचाराने २७ जणांना. म्हणजे बघा, सुई हरलीही नाही आणि जिंकलीही नाही! नेहमीच्या उपचारापेक्षा ती सरस ठरली. पण जागा कोणती, खोली किती, या दोन हजार वर्षांच्या हिशेबाला फारसा अर्थ उरला नाही. टोचणे, उपचारकाचा हात, त्याने दिलेला वेळ, रोग्याची अपेक्षा, या सगळ्यांनी मिळून गुण येत होता.

त्याच वर्षी इंग्लंडमधून दुसरा निकाल आला आणि तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालणारा आहे. गुडघे धरलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या ३५२ माणसांना फिजिओथेरपीच्या ३७ केंद्रांत सल्ला आणि व्यायाम दिला. काहींना त्यावर खरी सुई, काहींना लटकी. सहा महिन्यांनी दुखणे मोजले तर व्यायामावर सुई चढवून जास्तीचा फायदा दिसला नाही. अर्धांगवायूचेही तसेच. स्वीडनमध्ये १९९३ साली छोट्या प्रयोगात सुईने रोगी लवकर सावरल्याचे दिसले, पण २००१ साली १५० रोग्यांवर पाहिले तेव्हा ते टिकले नाही. कोणी तुम्हाला म्हणाले की, "लकवा गेलेला हात सुईने उठवून देतो," तर त्याला पैसे मोजण्याआधी हे आठवा. लकव्यात हात-पाय परत येतात ते रोजच्या, कंटाळवाण्या, पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालींनी.

शिकलेल्या लोकांतही यावर एकमत झालेले नाही, हे इंग्लंडच्या सरकारी सल्लागार संस्थेच्या निवाड्यांवरून दिसते. २००९ साली तिने सांगितले की, कंबरदुखीला बारा आठवड्यांत जास्तीत जास्त दहा वेळा सुई देता येईल. २०१६ साली तिनेच सांगितले, कंबरदुखीला सुई देऊ नका. २०२१ साली ठराविक प्रकारच्या जुनाट दुखण्याला पुन्हा सुईची मुभा दिली, आणि २०२२ साली झिजलेल्या गुडघ्याला मात्र चिनी सुई नको आणि कोरडीही नको असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीच्या उपचारांत सुईचा समावेश केला, पण अटीसह, हात राखून. यात धरसोड आहे असे कोणी म्हणेल. मला ते प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. नवा पुरावा आला की जुना निवाडा बदलणे, हे वैद्यकात कमीपणाचे नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर असे आहे. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीला जायचे म्हणजे शेतकऱ्याची एसटीची रक्कम गेली आणि दिवसाची मजुरी बुडाली. अशा माणसाच्या नशिबी चार-पाच खेपा असतात. त्या सगळ्या खेपा सुईवर खर्च झाल्या आणि घरी करायचा व्यायाम कोणी शिकवलाच नाही, तर तो माणूस नाडला गेला. उलट, मान किंवा खांदा इतका धरला आहे की हालवूच देत नाही, अशा वेळी एक-दोनदा सुई घेऊन पुढचा व्यायाम सुरू होत असेल, तर तिला नाके मुरडण्याचे कारण नाही.

सुई कोणाच्या हातात असावी, यावरही भांडण आहे. ॲक्युपंक्चरवाले म्हणतात, ही आमची विद्या. दोन-चार दिवसांच्या वर्गाने ती येत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, कोरडी सुई निराळी. स्नायूंचे शास्त्र आम्ही वर्षानुवर्षे शिकतो. अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला. वॉशिंग्टन राज्यात २०१४ साली एका न्यायालयाने फिजिओथेरपिस्टांच्या विरुद्ध निकाल दिला. नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यांच्या बाजूने दिला. आपल्याकडे पश्चिम बंगालने १९९६ साली ॲक्युपंक्चरचा कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्यावर २०१५ हे साल आहे, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा सुई टोचणाऱ्याला "आपली नोंदणी कोठे झाली आहे, सुईचे शिक्षण कोठे घेतले?" असे विचारायला संकोच करू नका. शिक्षकाला शाळेत कोणीही विचारतोच की, तुमची पदवी कोणती म्हणून!

शेवटी धोक्याविषयी. शिकलेल्या हातात ही सुई बरीच निर्धोक आहे. जर्मनीत सव्वादोन लाखांहून अधिक रोग्यांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. शंभरात आठ-नऊ जणांना काही ना काही त्रास झाला, पण तो बहुधा थोडे रक्त येण्याचा, काळेनिळे पडण्याचा किंवा दुखण्याचा. मात्र दोघांच्या फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरली होती. खांद्याच्या वरचा मांसल भाग, पाठीचा वरचा भाग आणि छाती येथे फुप्फुस कातडीपासून फार लांब नसते. सडपातळ माणसात तर ते आणखी जवळ असते. म्हणून सुई नवी, बंद पाकिटातली असावी; ती तुमच्या देखत फोडावी आणि वापरून झाली की फेकून द्यावी. एकाची सुई दुसऱ्याला म्हणजे काविळीला आमंत्रण. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, पोटात मूल असेल, तर ते आधी सांगावे. आणि खांद्यात किंवा पाठीत सुई घेतल्यावर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धाप लागली, श्वास घेताना छातीत एका बाजूला टोचू लागले, तर अंग चोळत घरी बसू नये. तडक रुग्णालय गाठावे, सुई कोठे घेतली ते तेथल्या डॉक्टरांना सांगावे आणि छातीचा फोटो काढून घ्यावा.